शेळ्यांची राखण करणारी तांबी: वर्षभराचा अनुभव

आमच्या तांबी कुत्रीला शेतावर येऊन वर्ष होत आलं. गाई, शेळ्या, मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या आणि घरात दोन लहान मुलं, असा आमचा नवा संसार. कुत्रं हवं म्हटल्यावर जो तो जातीचं नाव सांगायला लागतो. माझं मत आता पक्कं झालंय: जात नंतर बघा, आधी त्या कुत्र्याकडून कोणतं काम हवंय ते घरात बसून ठरवा.

कामं मुळात वेगवेगळी आहेत. जनावरं वळवणारं कुत्रं वेगळं आणि जनावरांसोबत राहून त्यांची राखण करणारं वेगळं. बॉर्डर कोली किंवा केल्पी डोळे रोखते, दबा धरते, पाठलाग करते. ही सगळी शिकारीचीच पद्धत, फक्त शेवटचा घास घेण्याची ओढ पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीने काढून टाकलेली. अनातोलियन, कंगाल, मारेम्मा, ग्रेट पिरेनीज या राखणदार जातींमध्ये पाठलागाची ऊर्मीच मंद ठेवलेली असते. शेळ्यांना हा फरक लगेच कळतो. वळवणाऱ्या कुत्र्याची नजर पडली की त्या गोळा होऊन सरकतात, राखणदाराला मात्र खेटून बसतात. त्यामुळे ‘हे दोन्ही कामं करेल’ असं सांगून कुणी पिल्लू देऊ लागलं तर मी तिथे थांबत नाही. आणि वळवणाऱ्या जातीला रोजचं काम मिळालं नाही तर ती स्वतःच काम शोधते: सायकली, गाड्या, पळणारी मुलं. आमची जनावरं थोडी, कुंपणाच्या आत चरणारी. वळवायला बादलीत दाणे खुळखुळवले तरी पुरतं. आम्हाला राखणदार हवा होता.

तांबी शुद्ध जातीची नाही. तिचे आईबाप दोघंही कळपात काम करणारे, आणि आम्हाला तेवढंच बघायचं होतं. आम्ही गेलो तेव्हा तिची आई शेळ्यांच्या मधोमध पडली होती. आम्हाला पाहून उठली, भुंकली, आमच्या आणि कळपाच्या मध्ये येऊन उभी राहिली. मालकाने हाक मारल्यावर शांत झाली, तरी नजर आमच्यावरच. पिल्लांत एक फार चुणचुणीत होतं. कोंबडी दिसली की मागे, बुटाची नाडी दिसली की तोंडात. मुलांना तेच हवं होतं. आम्ही उचललं ते दुसरं, जे शेळी जवळ आल्यावर बाजूला झालं, जमिनीकडे तोंड करून तिला हुंगलं आणि पुन्हा आडवं झालं. राखणीच्या कुत्र्यात मला हा मंदपणाच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

पिल्लू कुठे वाढलं यालाही तितकंच वजन आहे. साधारण ३ ते १४ आठवड्यांच्या काळात पिल्लू ज्यांच्यात वावरतं त्यांना ते आपलं मानतं. रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने १९७० च्या दशकापासून अमेरिकेत राखणदार कुत्र्यांवर काम केलं, त्यात याच सुरुवातीच्या सहवासावर भर होता. तांबी ८ आठवड्यांची असताना आली, ती थेट गोठ्याशेजारच्या जाळीच्या कप्प्यात. शेळ्या दिसाव्यात, वास यावा, पण तुडवलं जाऊ नये अशी जागा. मुलांनी तिला घरात झोपवायचा हट्ट धरला, तो मी चालू दिला नाही. तिला माणसाची सवय मात्र भरपूर लावली: हात लावून घेणं, पट्टा, पंजे तपासणं, हाकेला येणं. ‘जनावरात राहणाऱ्या कुत्र्याला हातच लावायचा नाही’ हा सल्ला मला पटत नाही. पन्नास किलोचं कुत्रं डॉक्टरांपुढे धरायची वेळ येते तेव्हा या सवयीची किंमत कळते.

पहिले काही महिने ती अगदी गुणी होती. म्हाताऱ्या शेळीने दोनदा ढुशी दिली आणि आमचं निम्मं शिक्षण परस्पर उरकलं. मग आडवयात आली आणि सगळं फिसकटलं. करडांच्या मागे धावायचं, कान ओढायचे, खेळायला बोलवायचं. एक कोंबडी त्या खेळात गेली. याला उपाय मारझोड नाही. आम्ही नसताना ती करडं-कोंबड्यांपासून वेगळी, आम्ही असताना लांब दोरीवर, आणि सोबतीला ऐकून न घेणाऱ्या मोठ्या शेळ्या. हे कंटाळवाणं काम अजून चालूच आहे. ही कुत्री भरवशाची व्हायला दीड-दोन वर्षं घेतात, म्हणून आजचं माझं मत अर्ध्या वाटेवरचं समजा. कोंबड्या तर सगळ्यात शेवटी जमतात, कारण फडफडणारी वस्तू आणि पिल्लू हे समीकरणच वाईट. पण जमतं. ऑस्ट्रेलियात वॉर्नमबूलजवळच्या मिडल आयलंडवर २००६ मध्ये मारेम्मा कुत्री छोट्या पेंग्विनना कोल्ह्यांपासून राखायला ठेवली होती, तेव्हा आमच्या कोंबड्यांनाही आशा आहे.

रात्री ती भुंकते. खूप भुंकते. झोप सावध असेल किंवा शेजारी लागून राहत असतील तर हा विचार आधी करा, कारण भुंकणं हेच तिचं मुख्य हत्यार आहे. हद्दीवर फिरणं, खुणा करणं, आवाज देणं, एवढ्यावर बहुतेक उपद्रवी प्राणी माघार घेतात आणि झटापटीची वेळच येत नाही. आधी कुंपणाशी घुटमळणारी मोकाट कुत्री आता लांबूनच जातात. कुंपण मात्र चांगलं लागतं. तांबीच्या हिशेबात आपली हद्द जिथवर नजर जाते तिथवर आहे. रात्री साखळीला बांधून ठेवायची असेल तर राखणदार घेऊच नका.

आता आरोग्याचं, कारण याबद्दल घेताना कुणी सांगत नाही. लसी, विशेषतः रेबीजची, हे उघडच आहे. गुराढोरांसोबतचे धोके निराळे. जनावर कापलं किंवा मेलं की कच्चं काळीज, फुप्फुस कुत्र्याला कधीच टाकायचं नाही. त्यातल्या गाठींतून कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक पट्टकृमी (चपटा जंत) वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि माणसाच्या, बहुतेकदा लहानपणी, पोटात जाऊन यकृतात नाही तर फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. त्याविरुद्धचं जंतनाशक म्हणजे प्राझिक्वांटेल, ते किती अंतराने द्यायचं हे डॉक्टर ठरवतात. गाय व्यायली की वार लगेच खोल पुरायची आणि चारा कुत्र्याच्या विष्ठेपासून जपायचा, कारण निओस्पोरा नावाचा परजीवी याच वाटेने फिरतो आणि गाई गाभडतात. तिसरी गोष्ट आयव्हरमेक्टिन. गुरांना सर्रास दिलं जाणारं हे औषध कोली आणि तिच्या नात्यातल्या अनेक कुत्र्यांना एका जनुकातल्या बदलामुळे विषासारखं लागतं, औषध दिलेल्या जनावराचं ताजं शेण खाल्लं तरी. तांबीच्या रक्तात काय काय मिसळलंय कोण जाणे, म्हणून औषध दिल्यावर काही दिवस तिला त्या जनावरांत जाऊ देत नाही.

मुलांशी ती सौम्य आहे. पाहुण्यांशी नाही, तिथे आम्ही मध्ये असावं लागतं.

दुसरं कुत्रं घ्यायचं झालं तर तांबी पूर्ण तयार झाल्यावरच. एकाच वेळी दोन भावंडं घेऊ नका असं आम्हाला कळपवाल्याने बजावलं होतं आणि ते पटतं: दोघं एकमेकांतच रमतात, आणि एकाने करडू पळवलं की दुसरं मदतीला हजर.