पहिलं सिझर, आता दुसरं बाळ: कळांची वाट पाहायची की तारीख घ्यायची?

"एकदा सिझर म्हणजे कायमचं सिझर" हे वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या वाड्यांपासून मांजलपूरच्या सोसायट्यांपर्यंत अजून ऐकू येतं. हे वाक्य न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन या डॉक्टरांनी १९१६ साली लिहिलं. तेव्हा गर्भपिशवीवरचा छेद वरच्या जाड स्नायूत, उभा घेत. आता तो खालच्या भागात आणि आडवा घेतात, त्यामुळे आजच्या बहुतेक बायकांना ते लागू पडत नाही. आणि उलट बाजूने "दुसरं नॉर्मलच होतं, डॉक्टर उगाच कापतात" असं सांगणारी एखादी मावशीही प्रत्येक घरात असतेच. तिच्यावरही विसंबून चालत नाही.

लोक नॉर्मल आणि सिझर असे दोनच पर्याय समोर ठेवतात, पण निकाल तीन असतात. कळा आल्या आणि बाळ खालून झालं, हा एक. तारीख ठरवून, कळा येण्याआधी सिझर झालं, हा दुसरा. तिसरा म्हणजे आठ-दहा तास कळा सोसल्या आणि शेवटी घाईघाईने सिझर करावं लागलं. आईच्या शरीराला पहिला सगळ्यांत हलका, दुसरा मधला आणि तिसरा सगळ्यांत जड जातो. त्यात रक्त जास्त जातं, जंतुसंसर्गाची शक्यता वाढते आणि मूत्राशयाला इजा होण्याची भीतीही जास्त. म्हणजे कळांची वाट पाहायची की नाही, हे आपण या तिसऱ्या निकालात जाण्याची शक्यता किती, यावर ठरवायचं. आधी एकच सिझर झालेल्या आणि कळा येऊ दिलेल्या १०० बायकांपैकी साधारण ७२ ते ७५ जणींची प्रसूती खालून होते. आधी एखादं बाळ नॉर्मल झालेलं असेल तर हाच आकडा ८५ ते ९० वर जातो.

फाइल आधी, मत नंतर

पोटावरचा टाका आडवा आहे म्हणजे पिशवीवरचाही आडवाच, असं नसतं. कातडी वेगळी कापतात, पिशवी वेगळी. त्यामुळे पहिल्या वेळचं डिस्चार्ज कार्ड आणि शक्यतो ऑपरेशनच्या नोट्स मिळवा. बाळंतपण पुण्याला किंवा इंदूरला माहेरी झालं असेल तर वडोदऱ्यातल्या डॉक्टरांकडे यातलं काहीच नसतं, म्हणून चौथ्या-पाचव्या महिन्यातच मागवून घ्या. हॉस्पिटलने ही कागदपत्रं किमान तीन वर्षं जपायची आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असा नियम आहे. तीन वर्षं उलटण्याच्या आत मागितलेलं बरं.

कार्डावर 'एलएससीएस' असेल तर छेद पिशवीच्या खालच्या भागात आहे. 'क्लासिकल' (वरच्या भागातला उभा छेद) किंवा 'इन्व्हर्टेड टी' (उलट्या 'T'सारखा छेद) असेल तर विषय तिथेच संपतो, तारीख घ्यायची. पिशवीच्या वरच्या भागातली गाठ काढलेली असेल आणि तो छेद आतपर्यंत गेला असेल, किंवा आधी कधी पिशवी फाटलेली असेल, तरीही तेच.

मग सिझर कशासाठी केलं ते वाचा. बाळ पायाळू होतं, किंवा ठोके कमी झाले होते, असं असेल तर ते कारण या वेळी पुन्हा येईलच असं नाही, म्हणून नॉर्मलची शक्यता चांगली. 'एनपीओएल' म्हणजे कळा होत्या पण पिशवीचं तोंड उघडणं थांबलं. 'सीपीडी' म्हणजे डोकं आणि कटीचं माप जुळलं नाही. या दोन्हींत शक्यता कमी होते, शून्य होत नाही. 'सीपीडी' हा शिक्का अनेकदा सैल हाताने मारलेला असतो. तोंड दोन-तीन सेंटीमीटरच उघडलेलं असताना तो मारला असेल, तर त्यावरून कटी अरुंद आहे असं ठरत नाही. त्याच्याशेजारी तोंड किती उघडलं होतं ते लिहिलंय का, हे बघा. पूर्ण दहा सेंटीमीटर उघडून, बराच वेळ जोर देऊनही बाळ अडकलेलं असेल तर शंका जास्त गंभीर धरावी.

टाका कुठे असतो आणि का उसवतो

गरोदर नसताना गर्भाशय मुठीएवढं, साधारण ६० ग्रॅमचं असतं. नवव्या महिन्यात बाळ, वार आणि पाणी सोडून नुसती पिशवीच जवळपास एक किलोची होते. तिचा वरचा भाग जाड, सगळ्या कळा तो देतो. वरचा भाग आणि पिशवीचं तोंड यांच्यामध्ये एक अरुंद पट्टा असतो. शेवटच्या तीन महिन्यांत तो ताणून लांब आणि पातळ होतो, आणि आडवा छेद तिथे घेतात. कळ आली की वरचा भाग आखडतो आणि खालचा वर खेचला जाऊन आणखी पातळ होतो. जुना टाका नेमका याच ताणात सापडतो.

खालचा आडवा टाका कळांमध्ये उसवण्याचं प्रमाण २०० बायकांमागे सुमारे एक. आपोआप आलेल्या कळांमध्ये ते कमी असतं, औषधाने आणलेल्या किंवा वाढवलेल्या कळांमध्ये दुपटी-तिपटीने वाढतं. म्हणून अशा बाईला नवव्या महिन्यात कळा आणणाऱ्या मिझोप्रोस्टॉलच्या गोळ्या देत नाहीत. अगदीच कळा आणायच्या झाल्या तर फोलीची नळी पिशवीच्या तोंडात ठेवून तिचा फुगा फुगवतात, आणि कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनची सलाइन हलक्या थेंबांनी, नजर ठेवून. दोन बाळंतपणांत दीड वर्षापेक्षा कमी अंतर असेल तर धोका चढतो. सोनोग्राफीत टाक्याची जाडी मोजतात, ती पातळ असणं चांगलं नाही हे खरं, पण अमुक मिलिमीटरच्या खाली सिझरच असा सगळ्यांनी मानलेला आकडा नाही. केवळ त्या एका आकड्यावर निर्णय होत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला लाजू नका.

टाका उसवायला लागला की पहिली खूण बहुतेक वेळा आईला कळतही नाही, ती बाळाच्या ठोक्यांत दिसते. म्हणून कळा जोरात सुरू झाल्यापासून ठोक्यांचं मशीन सतत लावून ठेवतात. दर अर्ध्या तासाला येऊन ऐकून जाणं इथे पुरत नाही. बाकीच्या खुणा: दोन कळांच्या मध्येही न थांबणारी, टाक्याच्या जागी होणारी दुखणी, अंगावरून ताजं रक्त, लघवीत रक्त, चांगल्या चाललेल्या कळा एकदम बंद पडणं, खाली आलेलं बाळाचं डोकं पुन्हा वर सरकणं. कंबरेतल्या इंजेक्शनने, म्हणजे एपिड्युरलने, या खुणा झाकल्या जातात हा समज जुना झाला. टाका असलेल्या बाईलाही ते देता येतं.

बाळाच्या बाजूने पाहिलं तर कळांमुळे बाळ दगावण्याचं प्रमाण दहा हजारांत सुमारे चार, ठरवलेल्या सिझरमध्ये सुमारे एक. यातलं चार म्हणजे पहिलटकरणीच्या बाळाला कळांमध्ये असतो साधारण तेवढाच धोका.

तारीख घेतलेलं सिझर

याचा मोठा गुण म्हणजे रात्री दोनची धावपळ नाही. घरी मोठं मूल असतं, सासूबाईंचे गुडघे दुखत असतात, नवऱ्याला रजा सांगायची असते, या सगळ्याची सोय लावता येते. टाका उसवण्याची भीती जवळजवळ राहत नाही. आदल्या रात्री घन खाणं बंद (किमान सहा तास आधी), साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. मणक्यातून इंजेक्शन, छेदाच्या आधी अँटिबायोटिक, मग कातडी, चरबी, त्याखालचा चिवट पडदा. पोटाचे स्नायू कापत नाहीत, मधून बाजूला सारतात. मग पोटाचा आतला पडदा, मूत्राशय खाली सरकवून पिशवी. बाळ काही मिनिटांत बाहेर येतं, बाकीचा सगळा वेळ शिवण्यात जातो. दुसऱ्या वेळी आत चिकटलेलं असेल तर बाळापर्यंत पोचायलाच वेळ लागतो.

तारीख ३९ आठवडे पूर्ण झाल्यावरचीच घ्या. ३७व्या किंवा ३८व्या आठवड्यात काढलेल्या बाळाला, कळा न लागल्यामुळे, फुप्फुसातलं पाणी ओसरायला वेळ लागतो. धाप लागते आणि एक-दोन दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागू शकतं. जन्माष्टमीचा किंवा पुष्य नक्षत्राचा मुहूर्त साधायचा म्हणून दहा दिवस आधी सिझर करून घेणारी घरं आपल्याकडे आहेत. मुहूर्त ३९ आठवड्यांनंतरचा असेल तर खुशाल साधा, त्याआधीचा असेल तर डॉक्टर तयार असले तरी नको.

रक्त साधारण एक लिटरपर्यंत जाऊ शकतं, नॉर्मलमध्ये अर्धा लिटर. म्हणून हिमोग्लोबिन ११ च्या वर न्यायचं काम सातव्या महिन्यातच करा. आठवड्यावर आलेल्या सिझरपुढे लोहाच्या गोळ्या पुरेशा पडत नाहीत. हॉस्पिटलात तीन-चार दिवस, आणि मोठ्या मुलाला उचलून कडेवर घ्यायला सहा आठवडे तरी नाही. नॉर्मलनंतर एक-दोन दिवसांत घरी. पण खालचे टाके बसतात, क्वचित फाटणं गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत जातं, हेही हिशेबात धरायला हवं.

तिसऱ्या मुलाचा विचार असेल तर मात्र आमचा कल स्पष्टपणे कळांकडे. प्रत्येक सिझरनंतर वार खाली, जुन्या टाक्यावर बसण्याची आणि तिथे रुतून बसण्याची शक्यता वाढते. एक सिझर झालेल्या बाईची वार पिशवीच्या तोंडावर असेल तर ती रुतलेली असण्याचं प्रमाण शंभरात ११, दोन सिझर झालेल्यांत ४०. रुतलेली वार सोडवताना कधी कधी पिशवीच काढावी लागते. दोनच मुलं आणि नसबंदी करायचीय, असं असेल तर सिझरबरोबर तीही होऊन जाते, हा मुद्दा घरात हमखास निघतो. पण नुसत्या नसबंदीसाठी पोट उघडायचं कारण नाही. नॉर्मलनंतर आठवड्याच्या आत ती छोट्या छेदातून होते, आणि नवऱ्याची तर त्याहून सोपी, टाक्याशिवाय होते. घरात मात्र तो पर्याय शेवटी निघतो.

वडोदऱ्यात कुठे?

इथे निर्णय बऱ्याचदा बदलतो. कळांची वाट बघायची तर रात्री अर्ध्या तासात पोट उघडता आलं पाहिजे. म्हणजे भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, रक्त आणि ऑपरेशन थिएटर, सगळं हजर हवं. अलकापुरीतलं किंवा कारेलीबागेतलं छोटं नर्सिंग होम, जिथे भूलतज्ज्ञ फोन केल्यावर घरून येतात, तिथे डॉक्टर कितीही चांगले असले तरी आम्ही तारखेचाच सल्ला देऊ. अशा ठिकाणी "बघू, होईल नॉर्मल" म्हणणाऱ्यांपेक्षा सरळ नाही म्हणणारे डॉक्टर जास्त भरवशाचे. सयाजी हॉस्पिटल आणि गोत्रीचं जीएमईआरएस ही दोन्ही मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं, तिथे रात्रीही निवासी डॉक्टर असतात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी ठिकाणी नॉर्मल आणि सिझर दोन्ही, औषधं, तपासण्या आणि रक्तासकट, मोफत आहेत. घरी सोडायला खिलखिलाट गाडीही मिळते. गर्दी असते आणि लेबर रूममध्ये नातेवाइकांना सहसा थांबू देत नाहीत, याची तयारी ठेवा. नाव आधीपासून तिथे नोंदवून ममता कार्डावर (गरोदरपणाच्या नोंदींचं सरकारी कार्ड) 'आधी सिझर' ठळक लिहून घ्या.

खाजगीत एक प्रश्न लिहून न्या: कळा देऊन शेवटी सिझर झालं तर बिल एकाचं की दोन्हींचं? भूल आणि पेटीचा खर्च पॅकेजमध्ये धरलाय का?

नवव्या महिन्यात तूप प्यायल्याने बाळ घसरून येत नाही, फक्त वजन वाढतं, आणि बाळ चार किलोच्या वर गेलं की नॉर्मलची शक्यता घटते. कळा आणायला शेजारणीने एरंडेल सुचवलं तर टाका असलेल्या बाईने अजिबात घेऊ नये. जुलाब होऊन अंगातलं पाणी जातं, आणि कळा आल्याच तर त्या कशा येतील हे आपल्या हातात राहत नाही.

कळा लागल्यावर "पाच मिनिटांवर येऊ दे, मग निघू" हा नियम टाका असलेलीला नाही. नियमित कळा सुरू झाल्या, पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल मंदावली की निघा, गाडी नसेल तर १०८. तारीख नवरात्रात येत असेल तर रात्री नऊनंतर गरब्याच्या मैदानांकडचे रस्ते टाळून कसं जायचं ते आधी फिरून बघा. ऑगस्ट-सप्टेंबरची तारीख असेल आणि घर विश्वामित्रीच्या काठाला असेल, तर शेवटचे दोन आठवडे उंचावरच्या नातेवाइकांकडे काढा. २०२४च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी कित्येक सोसायट्यांत शिरून रस्ते बंद पडले होते.

आणि तारीख घेतली म्हणजे कळा त्याआधी येणारच नाहीत असं धरू नका. सिझर ठरवलेल्या दहातल्या एकीला त्याआधीच कळा लागतात. तेव्हा काय करायचं, तोंड आधीच सहा-सात सेंटीमीटर उघडलेलं असेल तर नॉर्मल होऊ द्यायचं का, हे डॉक्टरांशी आठव्या महिन्यातच बोलून फाइलवर लिहून घ्या. त्या रात्री ड्यूटीवर दुसरेच डॉक्टर असू शकतात.