क्लिअर ग्लॉस कुठला घ्यावा: एक्स-22, जीएक्स100, स्प्रे कॅन की गॅरेजवाला टू-के?

प्लास्टिकच्या स्केल मॉडेलवर मारायचा ग्लॉस क्लिअर, म्हणजे पारदर्शक चकचकीत थर, कुठला बेस्ट असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, मॉडेल कसलं आहे, विमान की गाडी? कारण 1/72 च्या, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या, मिग-21 वर मारलेला ग्लॉस शेवटी कोणाला दिसणारच नाहीये, त्याच्यावर डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं पातळ छापील चित्र) बसणार, वॉश (रेषांत उतरणारा पातळ गडद रंग) जाणार आणि वरून मॅट नाहीतर सॅटिनचा हात लागणार, म्हणजे तो मधला थर झाला. 1/24 ची गाडी असेल तर ग्लॉस हाच शेवट, बघणारा बघतो ते फक्त तेच. ही दोन कामं पूर्ण वेगळी आहेत आणि कुठली बाटली घ्यायची ते इथेच ठरतं, ब्रँड नंतर. गाडीवाल्यांचे व्हिडिओ बघून विमानावर काचेसारखा जाड थर चढवणारे खूप आहेत, मग पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या कोरीव रेषा, भरून गेल्या की वॉश राहणार कुठे?

मधल्या थराचं काम काय ते आधी बघू. मॅट रंगाचा पृष्ठभाग खडबडीत असतो, डोळ्याला नाही दिसत पण असतो, त्यावर डिकल ठेवलं की खालच्या खाचांमध्ये हवा अडकते आणि सुकल्यावर डिकलची पारदर्शक कड चांदीसारखी चमकते, यालाच सिल्व्हरिंग म्हणतात. ग्लॉसने खाचा बुजतात, डिकल सपाट बसतं, एवढंच. दुसरं काम म्हणजे वॉश. मॅटवर ऑइल किंवा इनॅमल वॉश टाकला की तो डागासारखा पसरतो आणि पुसला जात नाही, ग्लॉसवर तो पॅनेल लाइनमध्येच धावतो. गनप्लावाल्यांना, म्हणजे गंडम रोबोंची मॉडेल करणाऱ्यांना, तिसरं पण एक कारण आहे, उघड्या प्लास्टिकवर इनॅमल लाइनर (रेषांत भरायचा रंग) टाकला तर घट्ट बसणाऱ्या जॉइंटच्या जागी प्लास्टिक तडकतं, मध्ये क्लिअरचा थर असला की धोका बराच कमी होतो.

आणि हो, कधीकधी ग्लॉस लागतच नाही. मिस्टर कलर या ब्रँडचे सेमीग्लॉस (अर्धवट चमकीचे) शेड त्यांच्याच लेव्हलिंग थिनरमध्ये (थर सपाट पसरवणारा थिनर) पातळ करून नीट मारले असतील तर रंग सुकल्यावर जुन्या टीशर्टच्या कापडाने हलक्या हाताने घासा, बोट फिरवून बघा, गुळगुळीत लागलं तर डिकल सरळ लावा. एक थर वाचला, पॅनेल लाइन वाचल्या. विकणारे हे सांगत नाहीत बरं का.

आता बाटल्यांकडे. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं यंत्र) असेल तर खरी लढत दोघांतच आहे, तामियाचा एक्स-22 आणि मिस्टर कलरचा जीएक्स100 सुपर क्लिअर थ्री. एक्स-22 अल्कोहोलवाला अ‍ॅक्रिलिक आहे, वास त्यामानाने कमी, 10 मिलीची छोटी आणि 23 मिलीची मोठी बाटली येते, एक्स-20ए थिनरमध्ये अर्धा-अर्धा केला की चालतो. पण चालतो म्हणजे चालतोच फक्त. एक्स-20ए मध्ये तो जरा लवकर सुकतो आणि ऑरेंज पील सोडतो, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखी बारीक खडबड. तोच एक्स-22 मिस्टर कलर लेव्हलिंग थिनरमध्ये एकास एक किंवा एकास दीड करून मारा, वेगळंच प्रॉडक्ट वाटतं, कारण लेव्हलिंग थिनरमध्ये रिटार्डर असतो, थर सावकाश सुकतो, पसरायला वेळ मिळतो आणि सुकल्यावर जास्त कडकही होतो. अर्थात मग वास कमी हा फायदा गेला, थिनर लॅकरचाच, म्हणजे उग्र वासाच्या, झटकन सुकणाऱ्या रंगाचा, आहे ना.

जीएक्स100 मुळातच लॅकर. 18 मिलीची बाटली, दिसायला महाग वाटते पण एवढं पातळ करून मारायचं असतं की एका बाटलीत बरीच विमानं निघतात. सुरुवातीला थिनर एकास एक, शेवटचा ओला हात मारताना एकास दोन, कधी त्याहून पातळ. खालच्या लॅकर रंगाला किंचित विरघळवून तो त्याला चावून बसतो, म्हणून मास्किंग टेपने उचकटायची भीती नाही, आणि लवकर कडक होतो, त्यावर इनॅमल वॉश टाकून व्हाइट स्पिरिटने कितीही पुसा, काही होत नाही. गाडीसाठी पॉलिश करायचं असेल तर एक्स-22 पेक्षा हाच, यात वादच नाही. विमानासाठी मात्र खाली काय मारलंय ते बघा. खाली लॅकर असेल तर बिनधास्त, खाली तामियाचा किंवा व्हालेहोचा अ‍ॅक्रिलिक असेल तर आधी दोन-तीन कोरडे, भुरभुरते हात मारून मगच ओला, आणि खाली हम्ब्रोलसारखा इनॅमल असेल तर जीएक्स100 नकोच, सुरकुत्या पडायची शक्यता असते. उलटं चालतं, लॅकरवर इनॅमल.

तेव्हा घरात रंग मारणारे, खिडकीत एक्झॉस्ट फॅन एवढीच सोय असलेले, विमानं आणि रणगाडेवाले, यांनी एक्स-22 घ्यावा. स्प्रे बूथ (फवारा बाहेर खेचणारी पेटी) आहे, मास्क आहे, गाड्या करायच्या आहेत, त्यांनी जीएक्स100. दोन्ही करणाऱ्यांनी पण जीएक्स100 च, लेव्हलिंग थिनर तसाही लागणारच आहे.

एअरब्रश नसेल तर स्प्रे कॅन. तामिया टीएस-13, 100 मिली, चकाकी खरंच जबरदस्त, बऱ्याच लोकांच्या गाड्या ज्या बघून आपण थक्क होतो त्या याच कॅनच्या आहेत. पण हा गरम माल आहे, म्हणजे यातला सॉल्व्हंट आक्रमक आहे, डिकलवर पहिलाच हात ओला मारला तर डिकल आक्रसतं, कधी फाटतं. लांबून, 25 सेंटीमीटरवरून, नुसता धुरळा उडाल्यासारखे दोन-तीन हात, प्रत्येकाला अर्धा तास, आणि मग ओला. मारायच्या आधी कॅन कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवला की आतलं प्रेशर वाढतं आणि फवारा बारीक होतो, कोमट म्हणजे हाताला सोसेल इतपतच, गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात अजिबात नाही. 1/72 विमानाला टीएस-13 मला जाड वाटतो, तिथे कॅनच हवा असेल तर मिस्टर टॉपकोट, तो पाण्यावर आधारित आहे, खालच्या रंगाशी भांडत नाही, पण चकाकी टीएस-13 ची नाही आणि पॉलिश करायला मऊ पडतो.

कॅनची दुसरी गोची मिळण्याची. ज्वलनशील एअरोसोल साध्या कुरिअरमध्ये विमानाने जात नाही, त्यामुळे कुरिअर रस्त्यानेच, वेळ लागतो, आणि बरेच दुकानदार ठेवतच नाहीत. अमेरिकेतून किंवा दुबईहून येणाऱ्या मावसभावाला बॅगेत टाकून आण म्हणून सांगू नका, केबिन असो की चेक-इन, दोन्हीकडे बंदी आहे, लॅकरच्या बाटल्यांनाही, एअरपोर्टवर बिचाऱ्याचीच बॅग उघडतील.

मग हार्डवेअरच्या दुकानातला क्लिअर लॅकर स्प्रे? स्वस्त आहे, सगळीकडे मिळतो, लोखंडावर मस्त. पॉलिस्टायरीनवर, म्हणजे मॉडेलच्या प्लास्टिकवर, मात्र जुगार आहे, फवारा जाडाभरडा आणि सॉल्व्हंट कुठला ते सांगता येत नाही. भंगार किटच्या पंखावर ट्राय करून बघा, प्लास्टिकला बारीक भेगांची जाळी आली तर तिथेच सोडा. हार्डवेअरवाल्याकडच्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरचं पण तेच, एअरब्रश धुवायला उत्तम, क्लिअरमध्ये मिसळायला नको.

व्हालेहो ग्लॉस व्हार्निश मी दोन ओळीत संपवतो. ब्रशने मारायला सगळ्यात सोपा, वास नाही, पोरंबाळं असलेल्या घरात चालतो, मिनिएचर फिगर रंगवणाऱ्यांना आवडतो. पण मऊ राहतो, सँडिंग केलं की रबरासारखा सोलतो, आणि त्यात लॅकर थिनर घातलात तर बाटलीत गोळे होतील, पाणी किंवा त्यांचाच थिनर. हातानेच रंगवणाऱ्यांसाठी एक युक्ती, अख्ख्या मॉडेलला ग्लॉस मारायची गरज नाही, जिथे डिकल येणार तेवढ्याच जागी ब्रशने लावा, शेवटी मॅट सगळीकडे गेला की ठिगळं दिसत नाहीत.

जुनी मंडळी फ्यूचरचं नाव काढतात, म्हणजे जॉन्सनचं फरशीचं पॉलिश, जे पुढे प्लेजच्या नावाने यायचं. होतं भारीच, पातळ अ‍ॅक्रिलिक, आपोआप सपाट व्हायचं, कॉकपिटची कॅनोपी त्यात बुडवून काढली की काचेसारखी, आणि बिघडलं तर अमोनियाने साफ. पण आता ते सहज मिळत नाही आणि त्याच्या शोधात वेळ घालवण्यात अर्थ नाही. अल्क्लॅडचा अ‍ॅक्वा ग्लॉस त्या जातीचा आहे, आणि एका कामासाठी तो मी आवर्जून सुचवेन, बेअर मेटल फिनिशसाठी. सुरुवातीची मिग-21 एफएल, जी एचएएलने नाशिकजवळ ओझरला बनवली, ती चांदीसारख्या उघड्या धातूत उडायची, तसं मॉडेल अल्क्लॅडच्या मेटॅलिकमध्ये केलं आणि वर लॅकर क्लिअर ओतला की धातूची झळाळी मरते, राखाडी रंग मारल्यासारखं दिसायला लागतं. पाण्यावर आधारित पातळ क्लिअरने हे नुकसान कमीत कमी होतं, आणि तेसुद्धा शक्यतो डिकलच्या जागीच.

राहिला टू-के. क्लिअर आणि हार्डनर अशा दोन भागांचा, गॅरेजवाला पेंटर खऱ्या गाडीवर मारतो तोच, कार पेंटच्या दुकानात बऱ्याचदा छोट्या मापातही देतात, त्यामुळे इम्पोर्टेड बाटलीपेक्षा खूप स्वस्त पडतो. चकाकीत याच्या जवळपास कोणी जात नाही, एक-दोन हातात काम होतं, लॅकर जसा पुढचे काही दिवस आक्रसत राहतो आणि डिकलच्या कडा वर दिसायला लागतात तसं इथे होत नाही, पॉलिश जवळजवळ लागतच नाही. मग सगळे हाच का मारत नाहीत? हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतो. त्याची धास्ती खरी आहे, एकदा शरीराला अ‍ॅलर्जी बसली की दमा आयुष्यभरासाठी मागे लागू शकतो, आणि मास्कचा फिल्टर कधी संपला ते वासावरून कळत नाही, म्हणून जाणकार लोक बाहेरून हवा पुरवणारा मास्क वापरा म्हणतात. टू बीएचकेच्या गॅलरीत, शेजारी वाळत घातलेले कपडे आणि आत झोपलेलं बाळ, तिथे टू-के मारू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कितीही चमकू दे. फारच इच्छा असेल तर बॉडी रंगवून, डिकल लावून ओळखीच्या गॅरेजवाल्याला द्या, तो त्याच्या बूथमध्ये एखाद्या बंपरबरोबर एक हात मारून देईल. फक्त त्याला पातळ मारायला सांगा, खऱ्या गाडीच्या सवयीने मारला तर दरवाजांच्या रेषा बुजल्याच समजा.

मारण्याच्या पद्धतीत मात्र ब्रँडचा फरक फार नाही. 0.3 मिलीमीटरचं नोझल, हवेचा दाब 15 ते 18 पीएसआय, 8-10 सेंटीमीटर अंतर. पहिले हात कोरडे, पकड बसण्यासाठी. शेवटचा ओला, इतका की ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्या पृष्ठभागावर सरकताना दिसलं पाहिजे, आणि हात थांबवायचा नाही, फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करून बाहेरच बंद करायचा, नाहीतर टोकांना ओघळ. धूळ बसू नये म्हणून वर पारदर्शक डबा पालथा घाला आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावू नका. डिकलच्या खालचा ग्लॉस पूर्ण वाळलेला हवा, ताज्या अ‍ॅक्रिलिक ग्लॉसवर जोरदार डिकल सॉफ्टनर (डिकल मऊ करणारा द्रव) पडला तर तो दुधाळ होऊ शकतो. वाळला की नाही ते कसं कळणार? नाक लावा. थिनरचा वास येतोय म्हणजे नाही वाळला. गाडी पॉलिश करायची असेल तर वास गेल्यावरही आठवडाभर थांबा, मग 2000 नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात, पुढे त्याहून बारीक, मग तामियाचं कंपाउंड कोर्स, फाइन, फिनिश या क्रमाने. बॉनेटच्या आणि दरवाजांच्या कडांवर आधीच टेप लावा, तिथे क्लिअर सगळ्यात पातळ असतो आणि घासताना रंग तिथेच उघडा पडतो.

पावसाळ्याचं काय, हा प्रश्न मुंबई-कोकण-गोव्याकडून हमखास येतो. लॅकर थिनर झटकन उडतो तेव्हा पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि क्लिअर पांढरट होतो, ब्लशिंग म्हणतात त्याला. टीएस-13 ला हे पटकन होतं कारण त्यात थिनर बदलायची सोय नाही, एअरब्रशमध्ये निदान लेव्हलिंग थिनर वाढवून सुकणं लांबवता येतं. झालंच पांढरं तर घाबरू नका, कोरड्या दिवशी नुसत्या लेव्हलिंग थिनरचा हलका फवारा मारला की थर परत मऊ होऊन ओलावा निघून जातो, बहुतेक वेळा साफ होतं. जुलै-ऑगस्टमध्ये एसीवाली खोली मिळत असेल तर एसी तासभर आधी चालू ठेवून खोली कोरडी करून घ्या, मारताना मात्र एक्झॉस्ट हवाच. पुणे-नाशिकवाल्यांना पावसाची एवढी झळ नाही, त्यांचा त्रास एप्रिल-मेचा, कोरड्या गरम हवेत क्लिअर मॉडेलला पोचायच्या आधीच अर्धा सुकतो आणि पृष्ठभाग वाळूसारखा लागतो. त्यावरही तोच उपाय, लेव्हलिंग थिनर वाढवा, जवळून मारा, सकाळी लवकर मारा.

पांढरी गाडी करणार असाल तर एक गोष्ट, इनॅमल क्लिअर टाळा, काही वर्षांत पिवळा पडतो आणि पांढऱ्यावर ते लगेच दिसतं. जीएक्स112 म्हणून सुपर क्लिअरचाच यूव्ही कट, म्हणजे अतिनील किरण अडवणारा, प्रकार आहे, शोकेस खिडकीसमोर असेल तर जीएक्स100 ऐवजी तो बघा. आणि पहिल्यांदाच घेत असाल तर क्लिअरची एकच बाटली घ्या पण लेव्हलिंग थिनर 400 मिलीचा मोठा डबा घ्या, संपतो तोच आधी.