'मॅन ऑफ स्टील' : तरुण संघाच्या सभेत दाखवायचा असेल तर

2013 मध्ये 'मॅन ऑफ स्टील' हा सुपरमॅनचा चित्रपट आला तेव्हा वॉर्नर ब्रदर्स या चित्रपट कंपनीने अमेरिकेतल्या चर्चच्या पाळकांसाठी मोफत खेळ ठेवले आणि सोबत प्रवचनाची टिपणंही दिली. सुपरमॅनमध्ये ख्रिस्त पाहा, असं कंपनीच सुचवत होती. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या एखाद्या चर्चच्या तरुण संघात हा चित्रपट लावायचा विचार असेल, तर आमचं मत असं: चर्चेला याच्याइतकं चांगलं साहित्य क्वचित मिळतं, पण तारणाची शिकवण म्हणून जसाच्या तसा दाखवलात तर मुलं चुकीचं काहीतरी घेऊन घरी जातील.

साम्यं सहज दिसतात. आकाशातला बाप मुलाला पृथ्वीवर पाठवतो आणि साधं शेतकरी जोडपं त्याला वाढवतं. आपण इथे 33 वर्षं आहोत, असं तो स्वतः सांगतो; क्रुसावर गेला तेव्हा येशूचं वयही साधारण तेवढंच मानतात. मूळ पात्र मात्र 1938 चं, क्लीव्हलँडच्या जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन ज्यू तरुणांनी रचलेलं. बाळाला वाचवण्यासाठी पेटीत घालून सोडून देणं हे निर्गमच्या दुसऱ्या अध्यायातल्या मोशेच्या जास्त जवळ जातं. ख्रिस्ताचा रंग पुढे सिनेमावाल्यांनी चढवला.

सगळ्यात कामाचा प्रसंग चर्चमधला. शत्रू झॉडने धमकी दिली आहे आणि क्लार्क (सुपरमॅनचं माणसांतलं नाव) फादरांपुढे बसून मन मोकळं करतो. झॉडवर विश्वास ठेवता येत नाही, आणि माणसांवर तरी ठेवता येईल का, हेही त्याला कळत नाही. त्याच्या मागे रंगीत काचेत गेथशेमाने बागेत प्रार्थना करणारा येशू आहे. इथे चित्र थांबवा आणि मुलांना ती खिडकी नीट पाहू द्या. मग मत्तय 26 उघडून 52 आणि 53 ही वचनं वाचा. त्याच बागेत येशू तलवार म्यानात घालायला सांगतो. मागितले तर बापाकडून देवदूतांच्या बारा पलटणींहून अधिक मिळतील, पण तो मागत नाही. चित्रपटातला नायकही पुढे आपणहून हातात बेड्या घालून घेतो. इथपर्यंत दोन्ही वाटा बरोबर चालतात आणि अटकेनंतर फुटतात. एक जण क्रुसाकडे जातो, दुसरा लढाईला.

अंतराळातलं ते प्रसिद्ध दृश्यही याच कसोटीवर तपासा. सर्वांना तू वाचवू शकतोस, असं बाप सांगतो आणि मुलगा दोन्ही हात पसरून यानाबाहेर तरंगतो. क्षणभर क्रूसच दिसतो. पण पुढच्याच क्षणी तो झेपावतो. शेवटी एका कुटुंबाला वाचवण्यासाठी झॉडची मान मोडतो आणि आक्रोश करतो. रोमकरांस 5:10 सांगतं की आपण शत्रू असतानाच पुत्राच्या मरणाने देवाशी आपला समेट झाला. हा फरक मुलांकडून काढून घ्यायचा, आपण आधी सांगून टाकायचा नाही.

आपल्याकडे हा फरक समजावणं खरं तर सोपं आहे. 'परित्राणाय साधूनां विनाशाय च दुष्कृताम्' कीर्तनात ऐकलेल्या मुलाला सुपरमॅन लगेच ओळखीचा वाटतो. सज्जनांचं रक्षण आणि दुष्टांचा संहार करणारा हा नायक येशूपेक्षा अवताराच्या कल्पनेशी जास्त जुळतो. दोन्ही कल्पनांचा मान राखून हे बोलता येतं. गोव्यातले इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ख्रिस्तपुराण 1616 मध्ये छापलं गेलं. त्यात त्यांनी पुराणाचा साज आणि ओवी घेतली, पण दुःखसहन आणि क्रूस गाळला नाही. क्लिपनंतर त्यातल्या चार ओव्या वाचल्या तर सभेला वेगळंच वजन येतं.

आता प्रत्यक्ष दाखवण्याबद्दल. चित्रपट 143 मिनिटांचा आहे, तो पूर्ण लावू नका. शेवटची इमारतींची पडझड इतकी लांबते की मुलांच्या डोक्यात फक्त धूळ आणि आवाज उरतो, चर्चा होतच नाही. चर्चमधला संवाद, बेड्या आणि अंतराळातली झेप एवढे तीन तुकडे पुरेत. आदल्या दिवशी त्यांच्या वेळा कागदावर लिहून ठेवा. ऐन सभेत मागेपुढे करत बसलात की मुलं मोबाईल काढतात. चित्राचा रंग गडद आहे, त्यामुळे दुपारी पडदे न लावता प्रोजेक्टरवर चेहरेसुद्धा दिसत नाहीत आणि काचेची खिडकी तर अजिबात नाही. सभा अंधार पडल्यावरच घ्या. संवाद हळू आणि हाणामारी कर्कश आहे, म्हणून आवाजाच्या बटणापाशी एक जण बसवा. खानापूरकडच्या खेड्यांत लॅपटॉप पूर्ण चार्ज असला तरी लाईट गेली की प्रोजेक्टर आणि स्पीकर बंद पडतात, तेव्हा इन्व्हर्टरची सोय आधी बघा.

भाषेचाही विचार हवा. एकाच बाकावर मराठी, कन्नड आणि कोकणी बोलणारी मुलं असतात आणि इंग्रजी सबटायटल वाचताना चित्र निसटतं. तुकडा लावण्याआधी प्रसंग दोन वाक्यांत मराठीत सांगा, वचन मात्र मराठी आणि कन्नड दोन्हीत वाचा.

अमेरिकेत याला पीजी-13 प्रमाणपत्र आहे, म्हणून संडे स्कूलच्या लहान मुलांना हा नकोच. त्यांच्यासाठी 1978 चा 'सुपरमॅन' घ्या. त्यातही बाप एकुलत्या एका मुलाला पाठवल्याचं सांगतो, हाणामारी बरीच कमी आहे, आणि योहान 3:16 शेजारी ठेवून बोलायला तो एक तुकडा पुरतो.