फॉरमॅट मारावा की अपग्रेड करावं? विंडोज ११ दोन्ही वाटांनी वापरल्यावर

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच्या आधीच मी घरच्या दोन्ही मशीनवर विंडोज ११ आणलं. डीटीपीचं काम चालतं त्या डेस्कटॉपवर अपग्रेड केलं, म्हणजे फायली आणि सॉफ्टवेअर तसंच ठेवून वर नवं विंडोज; लॅपटॉपवर फॉरमॅट मारून, म्हणजे सगळं पुसून, नव्याने टाकलं. तेव्हापासून दोन्ही रोज वापरते आहे आणि ठामपणे सांगते, की हा निर्णय वेगावरून घेऊ नका. तुमच्या मशीनवर असं काय आहे जे गेलं तर परत मिळणार नाही, ते आधी बघा.

माझ्या डेस्कटॉपवर जुनं मराठी डीटीपी सॉफ्टवेअर आहे. ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी धंदा बंद केलाय, म्हणजे लायसन्स पुन्हा चालू करून देणारं कोणी नाही. शिवाय युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमधल्या पत्रिकांच्या आणि दिवाळी अंकांच्या कितीतरी फायली आहेत. तो फॉन्ट नसला, की पानावर मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. अपग्रेडनंतर मी पहिली उघडली ती अशीच एक जुनी पत्रिका. सगळी जोडाक्षरं जागच्या जागी होती, जुना लेझर प्रिंटरही लगेच चालला.

एक खाचखळगा मात्र आहे. आयएसओमधून (विंडोजच्या इन्स्टॉलेशनची डाउनलोड केलेली फाइल) सेटअप चालवताना ‘फाइल्स आणि अ‍ॅप्स ठेवा’ हा पर्याय कधी कधी निवडताच येत नाही. तेव्हा भाषा तपासा. मशीनवरचं विंडोज ‘इंग्लिश युनायटेड स्टेट्स’ असेल आणि आयएसओ ‘इंग्लिश इंटरनॅशनल’ची, तर अ‍ॅप्स राहत नाहीत. अपग्रेड झाल्यावर सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डर उरतो. तो बरीच जागा खातो, पण घाईने उडवू नका. मागे जायची सोय १० दिवसच असते आणि ती त्याच फोल्डरवर अवलंबून असते. या मुदतीत डिझम (विंडोजमधलंच एक टूल) कमांड देऊन ती ६० दिवसांपर्यंत वाढवता येते. मी वाढवली होती आणि सगळी कामं एकदा फिरवून बघितल्यावरच फोल्डर काढला.

लॅपटॉपवर ब्राउझर, ऑफिस आणि फोटो एवढंच, म्हणून तिथे फॉरमॅट. इथे खरी मेहनत आधीच्या तयारीची. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये स्टोरेजचा ड्रायव्हर (विंडोजला तो भाग ओळखायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवर नसेल, तर सेटअपला एसएसडी दिसतच नाही. वायफायचा ड्रायव्हर नसेल, तर नेट मागणाऱ्या पानावर गाडी अडते. तिथे मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करावं, म्हणजे मोबाइलचं नेट लॅपटॉपला मिळतं. आणि फॉन्टचा बॅकअप घेणाऱ्यांनो, विंडोजमधला ‘फॉन्ट्स’ फोल्डर कॉपी केला म्हणजे झालं असं नाही. डबल क्लिक करून टाकलेले बरेच फॉन्ट फक्त तुमच्या युजरपुरते असतात. ते ‘अ‍ॅपडेटा’त, मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरच्या आत दडलेले असतात आणि ‘अ‍ॅपडेटा’ मुळात हिडन असतो.

आणखी एक फरक फारसं कोणी सांगत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन-इन केलं, की बहुतेक लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय डेटा वाचता येऊ नये म्हणून डिस्कला लागणारं कुलूप) आपोआप चालू होतं. अपग्रेडमध्ये ते आपोआप होत नाही. लॅपटॉप चोरीला गेला तर याचा मोठा आधार आहे. पण उद्या बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली आणि ती हाताशी नसली, तर स्वतःचाच डेटा उघडत नाही. ती अकाउंटवर सेव्ह झाली आहे ना हे पहिल्याच दिवशी बघा आणि प्रिंट काढून ठेवा.

आता वेगाचं. सुरुवातीला लॅपटॉप खरंच हलका वाटत होता. मग क्रोम, मीटिंगची अ‍ॅप्स, प्रिंटरचं सॉफ्टवेअर असं एकेक परत आलं आणि तो हलकेपणा बराचसा गेला. डेस्कटॉपवर टास्क मॅनेजरमधून स्टार्टअपची नको ती अ‍ॅप्स बंद केली, तेव्हा तोही झटपट सुरू व्हायला लागला. आज वापरताना दोन्हींत मला फरक जाणवत नाही. जुन्या हार्ड डिस्कवर विंडोज असेल तर आधी एसएसडी बसवा; त्याने जेवढा फरक पडतो तेवढा फॉरमॅटने पडत नाही.

मेव्हण्यांच्या दुकानातल्या टॅलीच्या मशीनला मी अपग्रेडच सांगितलं, तेही डेटाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेऊन. भाचीने कॉलेजसाठी सेकंडहँड लॅपटॉप घेतला, त्याला मात्र सगळी पार्टिशन उडवून फॉरमॅट मारायला लावला. आधीच्या मालकाने त्यात काय टाकून ठेवलंय हे आपल्याला कळायचा मार्ग नाही, आणि पोरगी त्याच लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार करणार आहे.