इशाऱ्याचा साचा: 'कॅप 1.2' वापरून पाहिल्यावर

'पुढील तीन तासांत काही ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पावसाची शक्यता' हा संदेश दुपारी दीड वाजता निघतो, सायंकाळी सहा वाजता कोणीतरी तो गटात पुढे पाठवतो आणि वाचणारा तीन तास सहापासून मोजू लागतो. एका नियंत्रण कक्षासाठी निरनिराळ्या यंत्रणांचे इशारे एकाच पडद्यावर आणण्याचे काम करताना हा घोळ आम्ही पावसाळाभर पाहिला. त्या कामासाठी ज्या मानकावर आम्ही विसंबलो, त्या 'कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल' म्हणजेच 'कॅप'चे हे परीक्षण आहे.

'कॅप' हे ॲप नव्हे, तर इशारा कसा लिहावा याचा एक्सएमएलमधील, म्हणजे संगणकाला वाचता येईल अशा खुणांच्या भाषेतील, साचा आहे. 'ओएसिस' या मानक संस्थेने त्याची पहिली आवृत्ती 2004 मध्ये आणि सध्याची 1.2 ही आवृत्ती 2010 मध्ये मंजूर केली. तो विनामूल्य आहे. आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची, सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने उभारलेली 'सचेत' ही यंत्रणा याच साच्यावर चालते. हवामान विभाग, केंद्रीय जल आयोग, समुद्राविषयी इशारे देणारी हैदराबादची 'इन्कॉइस' अशा संस्थांचे इशारे तीत एकत्र येतात.

साच्याचे खरे बळ वेळेच्या नोंदीत आहे. संदेश केव्हा पाठवला, धोका केव्हापासून अपेक्षित आहे आणि इशारा केव्हा संपतो, यांसाठी तीन वेगळे रकाने असून प्रत्येक वेळेमागे '+05:30' (भारतीय प्रमाणवेळ) असा कालविभाग लिहावाच लागतो. सुरुवातीला ही सक्ती जाचक वाटते. शिवाय पाठवण्याची वेळ सोडली तर बाकीचे दोन रकाने ऐच्छिक आहेत आणि घाईत नेमके तेच कोरे राहतात. पण आम्ही समाप्तीची वेळ नसलेला इशारा स्वीकारायचाच नाही असे ठरवले, तेव्हापासून शिळे इशारे पडद्यावरून आपोआप उतरू लागले. जागेचेही तसेच आहे. 'जिल्ह्याच्या काही भागांत' असे मोघम लिहिण्याऐवजी अक्षांश-रेखांशांच्या जोड्यांनी क्षेत्र आखता येते. मात्र पहिला आणि शेवटचा बिंदू एकच हवा, हा नियम विसरून पाठवलेल्या आकृत्या आम्हाला पहिल्या आठवड्यात बऱ्याच परत कराव्या लागल्या.

तातडी, तीव्रता आणि खात्री या तीन गोष्टी वेगळ्या ठेवण्याचा निर्णय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. धरणाचे दरवाजे उघडले आहेत हे खात्रीचे असते, पण पाणी खालच्या गावात पोहोचायला अवधी असतो. वीज मात्र अनिश्चित, तरीही तातडीची. पिवळा, नारिंगी, लाल या एकाच रंगपट्टीत हा फरक मावत नाही. अर्थात रंग आणि हे तीन रकाने यांची सांगड प्रत्येक यंत्रणेला स्वतः घालावी लागते, आणि दोन यंत्रणांची सांगड सारखीच असेल याची हमी साचा देत नाही.

सराव आणि प्रत्यक्ष प्रसंग यांसाठी वेगळ्या खुणा आहेत आणि पाठवलेला संदेश रद्द करण्याचीही सोय आहे. हा किरकोळ वाटणारा भाग एकदा फार उपयोगी पडला. रंगीत तालमीचा संदेश चुकून 'प्रत्यक्ष' म्हणून सुटला आणि भोंगा वाजला. मूळ संदेशाचा पाठवणारा, क्रमांक आणि वेळ यांचा हवाला देणारा 'रद्द' संदेश पाठवताच तो सगळ्या पडद्यांवरून एकदम नाहीसा झाला. व्हॉट्सॲपवर गटागटांत पुढे गेलेला चुकीचा निरोप असा सगळीकडून मागे बोलावता आला असता तर कितीतरी रात्री वाचल्या असत्या.

त्रुटी पाण्याच्या पातळीपाशी जाणवते. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी सर्वांच्या तोंडी आहे. जल आयोगाचे आकडे समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये असतात. 'कॅप'मध्ये पातळीसाठी स्वतंत्र रकाना नाही. 'पॅरामीटर' नावाच्या मोकळ्या जागेत नाव आणि मूल्य लिहिता येते, पण नाव काय द्यायचे, एकक कोणते आणि पातळी कशापासून मोजायची, हे ठरवलेले नाही. त्यामुळे दोन कार्यालयांच्या फायली तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असूनही आकडे जुळवण्यासाठी वेगळा तक्ता करावा लागतो.

मराठीची सोय चांगली आहे. एकाच इशाऱ्यात प्रत्येक भाषेसाठी वेगळा भाग जोडता येतो. सूचनेच्या रकान्यात 'सुरक्षित स्थळी जावे' एवढेच लिहिणाऱ्याला मात्र कोणताही साचा सुधारू शकत नाही.

शेवटची मर्यादा मोठी आहे. 'कॅप' इशारा देतो. मदत मागत नाही. बोटी, पथके, पंप यांची मागणी आणि होकार कळवण्यासाठी 'ओएसिस'नेच 'ईडीएक्सएल' या मालिकेत साधनसामग्रीच्या संदेशांचे वेगळे मानक दिले आहे, पण आम्ही ज्या कार्यालयांशी यंत्रणा जोडली, त्यांपैकी एकाकडेही ते नव्हते. बोट हवी असली की आमच्या कक्षात अजूनही फोन उचलला जातो, पलीकडून 'कोणत्या पुलापाशी?' असे विचारले जाते, आणि पुलाचे स्थानिक नाव ऐकणाऱ्याला माहीत नसेल तर नकाशा उघडून सगळे पुन्हा सांगावे लागते.