तेलाची स्प्रे बाटली: नऊ महिने वापरल्यावर

दिवाळीनंतर नागपूरच्या सीताबर्डीवरून २०० मिलीची काचेची, पंप दाबायची बाटली आणली. तेव्हापासून ती रोज ओट्यावर आहे. आमच्याकडे तेल शेंगदाण्याचं, घाणीवरचं. पहिल्याच दिवशी पोळीवर मारताना सासूबाई म्हणाल्या, "हे काय फवारणी करून राहिली वं?" आता धिरडी करताना बाटली त्याच मागून घेतात.

धिरडं, डोसा, आप्पे यांना हिच्यासारखी दुसरी सोय नाही. आप्पेपात्राच्या प्रत्येक खळग्यात तेल सारखं बसतं, सराट्याने खरवडावं लागत नाही. उन्हाळ्यात कुरडया केल्या तेव्हा सोऱ्याला आतून दोन दाब मारले, चीक भरभर उतरला. फणस चिरायच्या आधी विळीला आणि हाताला मारलं की डिंक चिकटत नाही. थालीपिठाच्या भोकात सोडायला मात्र चमचाच लागतो.

तेल खरंच वाचतं का? मी काट्यावर मोजून पाहिलं. माझ्या बाटलीचे दहा दाब म्हणजे साधारण ६ ग्रॅम. धिरड्याला चार दाब पुरतात, म्हणजे अडीच ग्रॅमच्या आत. चमच्याने सहज पाच जायचं. पण हात सैल सोडला की दाब वाढत जातात आणि हिशेब तिथेच येतो. फवारलं म्हणून तेल हलकं होत नाही, ग्रॅमला ९ कॅलरी त्या ९च. गॅसच्या दाबाने तेल फवारणाऱ्या अमेरिकन डब्यांवर शून्य कॅलरी लिहिलेलं असतं, कारण एका वेळचं माप सेकंदाच्या अंशाएवढ्या फवाऱ्याचं धरतात आणि ५ कॅलरींच्या खालचा आकडा तिथे शून्य लिहिता येतो. त्यावर विसंबू नका.

तसा गॅस भरलेला डबा नणंदेकडे आहे. त्यातल्या लेसिथिनमुळे (तेलात मिसळलेला एक पदार्थ) तिच्या नॉनस्टिक तव्यावर तपकिरी, चिकट थर बसला, घासून निघेना. शिवाय अशा डब्यांत बहुधा ब्युटेन-प्रोपेन हा पेट घेणारा गॅस असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, बंद गाडीत त्याहून किती तरी जास्त. किराण्याच्या पिशवीसोबत तो डबा डिक्कीत विसरू नका. आणि बाटली असो की डबा, पेटत्या बर्नरवर फवारू नका, भडका उडतो. मी तवा उतरवून सिंकवर धरते.

सिंकवर धरण्याचं दुसरं कारण फरशी. तेलाचे बारीक कण खाली बसतात, डोळ्यांना दिसत नाहीत. जानेवारीत सासऱ्यांचा पाय ओट्यासमोर सटकला. ओटा हाती आला म्हणून वाचले. माझ्या काळजात धस्स झालं. तेव्हापासून फवारणं फक्त सिंकवर आणि रोज रात्री तिथली फरशी साबणाच्या पाण्याने पुसणं.

सगळ्यात जास्त त्रास पंपाचा. घाणीच्या तेलातला गाळ नळीत अडकतो आणि फवाऱ्याऐवजी एक धार पडते. थंडीत सकाळी तेल घट्ट असतं तेव्हाही तेच. बाटली जरा वेळ कोमट पाण्यात ठेवली की सुटतं. मी आता तेल मलमलच्या कापडातून गाळून भरते. पंधरा दिवसांनी गरम साबणपाणी भरून वीसेक दाब मारते, मग साध्या पाण्याचे, मग दोन दिवस उघडी वाळवते. पाणी राहिलं तर गरम तव्यावर तडतडून अंगावर उडतं. जुन्या तेलावर नवं ओतायची चूक एप्रिलमध्ये केली, आठवड्यात अख्खी बाटली खवट. जवसाचं तेल तर भरूच नका, ते फार लवकर खवट होतं.

हिवाळ्यात सांबारवडी (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) एअर फ्रायरमध्ये, वरून फवारून करून पाहिली. आतला सांबार छान राहिला, पण बेसनाची पारी कोरडी, चिवट. मुलांनी एकेक खाऊन ताट सरकवलं. पुढच्या वेळी कढईच ठेवली. वडाभातालाही हिंग-मोहरीची कडकडीत फोडणीच हवी, तिथे बाटली कामाची नाही.

आता पंपाची स्प्रिंग ढिली झाली आहे. पुढची बाटली रुंद तोंडाची घेणार, आत हात घालून घासता येईल अशी.