पोत्यावर जस्त, आत मॅग्नेशियम

झिंक सल्फेटच्या १० किलोच्या ५ पिशव्या घेतल्या. २ हेक्टरला, हेक्टरी २५ किलो या मात्रेने. छापील प्रमाण जस्त २१ टक्के, म्हणजे ५० किलोत १०.५ किलो जस्त. प्रयोगशाळेत निघालं २.१ टक्के. मातीत गेलं जेमतेम १ किलो ५० ग्रॅम जस्त आणि ४५ किलो मॅग्नेशियम सल्फेट. हे लिहिताना लाज वाटते, कारण मातीचं शास्त्र ज्यांना येतं तेच फसले आहेत.

पण डोळ्यांनी हे ओळखणार कसं? दोन्ही पांढरे स्फटिक, दोन्ही पाण्यात पूर्ण विरघळतात. पिशवी शिवलेली, भावही संशय यावा इतका कमी नव्हता. आणि गरज खरी होती: मातीचा सामू (आम्ल-विम्लतेचा आकडा, pH) ८.२, चुनखडी भरपूर, उपलब्ध जस्त किलोमागे ०.४ मिलिग्रॅम. ०.६ च्या खाली कमतरता धरतात. अशा जमिनीत एकूण जस्त कमी नसतंच. ते खनिजांत, चुनखडीवर, चिकणमातीच्या कणांवर अडकून बसलेलं असतं. मुळांना मिळतं फक्त पाण्यात विरघळलेलं, आणि सामू १ ने वाढला की ते सुमारे शंभरपटीने घटतं. त्यात जस्त मातीत फार सरकत नाही. केशमुळांपर्यंत ते मिलिमीटर-मिलिमीटरने पोचतं, म्हणून खत मुळांच्या थरात मिसळावं लागतं. ते सगळं नीट केलं होतं. चूक मिसळण्यात नव्हती.

चूक तीन आठवड्यांनी झाली, आणि तीच मनातून जात नाही. खालची जुनी पानं हिरवी झाली. शिरांमधला पिवळेपणा गेला. गुण आला, असं आम्ही ठरवून टाकलं! अहो, जस्ताची कमतरता दिसते ती शेंड्याला: नवी पानं बारीक, पेरी आखूड. जस्त जुन्या पानांतून नव्यांकडे सहज जात नाही. मॅग्नेशियम जातं, म्हणून त्याची उणीव आधी जुन्या पानांवर दिसते आणि भरूनही तिथेच निघते. शेंडा तसाच खुरटा होता. पोत्यात काय आहे ते झाड स्पष्ट सांगत होतं, आणि आम्ही खालची पानं बघून समाधान मानलं.

त्या दिवशी ही तपासणी केली असती तर दहा मिनिटांत कळलं असतं. १ ग्रॅम खत १० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा. त्यात २० टक्के कॉस्टिक सोड्याचं द्रावण थेंबाथेंबाने टाका. पांढरा साका दोन्ही खतांत येतो, तिथे थांबू नका. अनेकजण तिथेच थांबून खत खरं ठरवतात. ढवळत आणखी टाकत राहा, एकूण १० मिलीपर्यंत. जस्ताचा साका पुन्हा विरघळून द्रावण निवळतं, मॅग्नेशियमचा तसाच राहतो. हातमोजे आणि चष्मा घाला, भांडं काचेचं घ्या, ॲल्युमिनियमचं मुळीच नको.

तक्रार केली तर उत्तर काय? पिशवी फोडलेली आहे, नमुना ग्राह्य नाही. मग फोडल्याशिवाय खत वापरायचं कसं? नमुना अधिकाऱ्यानेच बंद पिशवीतून काढला पाहिजे म्हणे. अधिकारी कधी येणार? अर्ज द्या. अर्ज दिला तर बॅच क्रमांक मागितला, पावतीवर तो नव्हता. पावती विक्रेत्याने लिहिलेली, दोष आमचा! दुसऱ्या टेबलावर सांगितलं की मॅग्नेशियमही पोषकद्रव्यच आहे, नुकसान काय झालं? नुकसान हे, की झाडाची वाढ ज्या द्रव्यावाचून अडली होती ते मिळालंच नाही, आणि वाढीचा काळ तुमच्या टेबलांवर संपला.

पावतीवर बॅच क्रमांक लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. पिशवीवर फक्त 'झिंक सल्फेट' असेल तर परत करा: सात पाण्याच्या रेणूंच्या प्रकारात जस्त २१ टक्के, एका रेणूच्यात ३३, कोणता ते छापलेलंच हवं. फॉस्फेटच्या खतात जस्त कालवू नका, न विरघळणारं झिंक फॉस्फेट होतं, आणि मग खरं खतही खोटं वाटतं. आणि एक पिशवी शिवलेली तशीच, कोरड्या जागी, शेंड्याची नवी पानं मोठी होईपर्यंत ठेवा. आमच्या पाचही फोडलेल्या होत्या.